प्रॉम्प्टरविना इटालियन

बाबूभाईची फरहा बोलण्याच्या परीक्षेत नापास झाली, ही बातमी ती नागपूरहून परत यायच्या आधीच वडशात पोचली होती, आणि जो ऐकेल तो आधी हसला. लिहिण्यात राहिली असती तर लोकांनी हळहळ केली असती. पण बोलण्यात? दवाखान्यात सलाईन लावता लावता ही मुलगी पेशंटचं गाव, त्याची सासुरवाड आणि त्याच्या शेजाऱ्याची भानगड एवढं सगळं काढून घ्यायची. तिचं तोंड बंद असलेलं पाहिलेला माणूस वडशात शोधूनही सापडला नसता.

"पेपरच चुकीचा असंल, भाऊ," समोरचा पानवाला रस्ता ओलांडून सांगायला आला. "फरहा अन् बोल्यात फेल? मले तं पटतच नाई."

बाबूभाईलाही पटलं नव्हतं. तो फौजदाराच्या सदऱ्याला बटणं लावत होता. त्याचं दुकान म्हणजे नाटकवाल्यांचा कपडेपट. धानाची कापणी आटोपली की या झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडई तिथे नाटक. त्या नाटकांना लागेल ते बाबूभाई शिवून द्यायचा, नाहीतर भाड्यानं द्यायचा. एका खुंटीवर फौजदार, दुसरीवर डाकू, तिसरीवर नवरी, आणि तिघंही गुण्यागोविंदानं एकाच भिंतीला.

फरहा सहा वर्षं वडशातल्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. इटलीतल्या एका वृद्धाश्रमानं तिला पसंत केलं होतं. कागद झाले, इंटरव्ह्यू झाला, आता अट एकच: भाषेची परीक्षा. ती दोन भागांत. लिहिण्यात फरहाला भरभरून मार्क होते. बोलण्याच्या परीक्षेला दिवाळीनंतर आणखी एकदा बसता येणार होतं. त्यातही राहिली तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार, आणि फरहानं वर्षभर पहाटे उठून केलेला अभ्यास वडशातच राहणार.

तिला जायचं होतं. पैशासाठी म्हणाल तर थोडं, बर्फासाठी म्हणाल तर त्याहून थोडं. तिला त्या भाषेनं धरलं होतं. शब्द हातात घेऊन उसवायचा आणि आत काय शिवलंय ते बघायचं, हे वेड तिला बापाकडूनच आलं असणार. "अब्बा, हे बघा," ती मशीनशेजारी बसून सांगायची, "फेर्मो म्हणजे घट्ट, न हालणारा. त्याला पुढं 'इन' लावला की उलटं. इनफेर्मो म्हणजे ज्याच्या पायात जोर नाही तो, आजारी. अन् अशांची जी देखभाल करते ती इनफेर्म्येरा. नर्स. म्हणजे मी."

"अन् मी?"

"तुम्ही सार्तो. मुळात त्या शब्दाचा अर्थ फाटकं सांधणारा."

"हे बराबर हाय," बाबूभाई म्हणायचा. "तिकडचे लोकं समजदार दिसतेत."

मग एवढी शब्दांशी सलगी असलेली मुलगी परीक्षेत गप्प का झाली? नागपूरच्या त्या संस्थेत एका खोलीत टेबल होतं, टेबलावर पडदा, आणि पडद्यावर थेट इटलीहून बोलणारी कुरळ्या केसांची एक बाई. बाईनं गोड हसून विचारलं, स्वतःबद्दल काही सांगा. याचं उत्तर फरहाला झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. पण तिनं तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. ती नुसती टेबलाच्या पायथ्याशी बघत राहिली. बाईनं पुन्हा विचारलं, आणखी हळू. फरहा आणखी खाली बघत राहिली. शेवटी बाई 'आभारी आहे' म्हणाली. त्या परीक्षेत फरहाला कळलेलं तेवढं एकच वाक्य, असं बघणाऱ्याला वाटलं असतं.

घबराट म्हणावी तर ती घाबरली नव्हती. हेच तिला सगळ्यात जास्त खात होतं.

अशात एका सकाळी मुखरूभाऊ दुकानात आला. मुखरूभाऊ नाटक कंपनीचा मालक. फरहा माणसांचा मनातल्या मनात जमाखर्च मांडायची. तिच्या हिशेबात मुखरूभाऊच्या जमेला एकच रक्कम होती, धाडस. आणि नावे टाकायला बसलं तर पान पुरत नसे.

"औंदा इटली," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"काय इटली?" बाबूभाईनं विचारलं.

"नाटकात. अमेरिका झाली, लंडन झालं, दुबई तं दर सालीच रायते. त्या दुसऱ्या कंपनीनं औंदा क्यानडा काहाडला म्हंतेत. मी म्हनलं, आपुन इटली काहाडू. कोनं पाह्यली हाय? कोन चूक काहाडनार हाय?"

नाटकाचं नाव ठरलं होतं, 'माय ओसरीत, लेक इटलीत'. लेक परदेशातून येतो आणि आजारी बापाला तपासायला सोबत तिकडचा डॉक्टर मार्को घेऊन येतो, अशी कथा. डॉक्टरचं काम खुशालला दिलं होतं, कारण कंपनीतला एकमेव कोट त्यालाच बसायचा.

"तं फरहाबाई, तेवढी डागतरची बोली लिवून दे. दहा-पंधरा वाक्यं. लोकायले ऐकून असं वाटलं पाह्यजे का विमानातून आत्ताच उतरला."

फरहा काही म्हणायच्या आत बाबूभाईनं सुई कोटाला टोचून ठेवली. "देईन. पन मंग तुमचा हरिदास माह्या पोरीची तालीम घेईन. रोज. परीक्षेचे सवाल-जबाब तिच्या तोंडी बसले पाह्यजे."

"हरिदासले इटालियन येते?"

"त्याले काय येत नाई? त्याले राजा येते, डाकू येते, बाळंतीन बाई येते. इटालियनही येईन."

हरिदास हा कंपनीचा प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत नट संवाद पाठ करत बसत नाही; बसला तर लोकांना तो नवशिका वाटतो. एका हंगामात आज कुरखेड्याकडे एक नाटक, उद्या धानोऱ्याकडे दुसरं. कुणी काय काय पाठ करावं? म्हणून स्टेजच्या पुढ्यात खड्डा, खड्ड्यात प्रॉम्प्टर. तो खालून वाक्य देतो, नट वरून ते उचलतो, आणि मधली फट इतकी बारीक की प्रेक्षकाला त्यातून सुईही घालता येऊ नये. हरिदास हे काम इतकी वर्षं करत होता की त्याच्या मते या दोन जिल्ह्यांत आजवर जेवढी माणसं स्टेजवर रडली ती सगळी त्यानंच रडवली होती. नम्रता हा गुण त्याच्या खात्यात कधी जमाच झाला नव्हता.

फरहाला स्टेजवर पहिल्यांदा बोलायला लावलं तेही त्यानंच. कपडे पोचवायला बाबूभाई गावोगाव जायचा, सोबत ही चिमुरडी. आणि कुठल्याशा नाटकात हरवलेली पोर हवीच असायची. मग काय, फरहाला फ्रॉक घातला की झाली हरवलेली. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत ती कितीतरी आईबापांची हरवली, सापडली, आणि दरवेळी खड्ड्यातून येणारा हरिदासचा आवाज उचलून "बाबा, मला ओळखलं नाही का?" म्हणत रडली.

तालीम राईस मिलच्या अर्धवट रिकाम्या गोदामात सुरू झाली. फरहानं संवाद देवनागरीत लिहून आणले, अक्षरांची तोड करून.

"हे बघ खुशालभाऊ. दवाखाना म्हणजे ओ-स्पे-दा-ले. 'स' मागं रेंगाळत नाही, पुढच्याला बिलगतो, आपण 'स्पे' लिहितो तसाच. पण एकाच जातीची दोन अक्षरं आली की त्यांची वाटणी करायची. लेत्‌-तो. एक इकडं, एक तिकडं, अन् मधे श्वास अडकवायचा. लेत्तो म्हणजे खाट."

"लेतो," खुशाल म्हणाला.

"लेतो नाई बे," हरिदास पोत्यावरून ओरडला. "बांधावरून उडी मारतेस तसं कर. आधी थांब, मंग उडी. लेत्‌... तो!"

"अन् जोर बहुतेक शेवटून दुसऱ्या अक्षरावर," फरहा म्हणाली. "दा-ले मधला दा. पण डॉक्टरला मेदिको म्हणतात, तिथं जोर पहिल्यावरच. मे-दि-को. असल्या शब्दाला तिकडं घसरडा शब्द म्हणतात. पहिल्या अक्षरावर पाय ठेवला की घसरत खाली."

खुशालला ही गोष्ट फार आवडली. त्यानं 'मेदिको' म्हणताना दरवेळी खरोखर एक पाय घसरवायला सुरुवात केली आणि मुखरूभाऊनं तो पाय नाटकात ठेवायचं ठरवून टाकलं.

डॉक्टरची बोली संपली की फरहाची तालीम. तिनं परीक्षेतले संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून दिली होती. खुशाल परीक्षक व्हायचा, कोंड्याच्या पोत्यांआड हरिदास. प्रश्न आला की पोत्यांआडून आवाज यायचा, "मी क्यामो फरहा...", म्हणजे माझं नाव फरहा, आणि फरहाच्या तोंडून इटालियन असं वाहायला लागायचं की मिलचे हमाल पोती टाकून ऐकत उभे राहायचे. उच्चार स्वच्छ, जोर जिथल्या तिथे, कुठे अडखळणं नाही.

"झाली पास," मुखरूभाऊनं जाहीर केलं. "इटलीवाल्याईले आता सांगा, घर झाडून ठेवा म्हना."

फरहालाही तसंच वाटलं. त्या आनंदातच ती घरी आली. चहाची वेळ होती. अम्मीनं, म्हणजे अख्तरीनं, कप पुढं केला आणि बाबूभाई म्हणाला, "चल बेटा, मलेही ऐकव. समज मीच ते कुरळ्या केसाची बाई. सांग, तू कोन, कुठची?"

फरहानं कप खाली ठेवला, तोंड उघडलं आणि थांबली.

तिची नजर खाली गेली. तख्ताच्या खाली, जिथं अम्मीचं पानदान आणि जुन्या चपला होत्या तिथं. ती बघत राहिली. आणि बघता बघता तिला एकदम उमगलं की आपण काय करतोय. आपण वाट बघतोय. कुणीतरी खालून पहिला शब्द देईल म्हणून. नागपूरच्या त्या खोलीतही ती टेबलाखाली हेच बघत होती. सहा वर्षांची असल्यापासून जेव्हा जेव्हा कुणी तिला समोर उभं करून 'बोल' म्हटलं होतं, तेव्हा तेव्हा शब्द खालून आले होते. एरवीच्या गप्पांचं वेगळं. गप्पांना कुणी तिला उभं करत नाही. पण समोर माणसं बसली, सगळ्यांनी कान टवकारले, की फरहाच्या जिभेला खड्डा लागायचा.

"काय झालं?" अख्तरीनं विचारलं. "तख्ताखाली काय पाहून राह्यली? उंदीर हाय का?"

"हरिदासकाका नाहीत," फरहा म्हणाली, आणि तिला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात गेली ती भांडायच्या तयारीनंच. "काका, तुम्ही मला बिघडवलं."

"म्या? म्या तुले घडवलं!"

"तुम्ही आधी बोलल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही. सवयच नाही."

हरिदासला यात तक्रार कुठं आहे ते कळेना. त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "हे तं खरंच हाय. म्या देल्याबिगर या झाडीत कोनाच्या तोंडून शब्द निंगत नाई. तू काऊन लाजतेस?"

फरहानं डोक्याला हात लावला. रागानं बोलायला आली होती, पण रात्री शब्दकोशात सापडलेली गोष्ट तिच्या ओठांवर आली आणि ती सांगितल्यावाचून तिला राहवेना. "काका, तुम्हाला इटालियनमध्ये काय म्हणतात माहीत आहे? सुज्‌-जे-री-तो-रे. जोर 'तो'वर. त्याचं मूळ लॅटिनमध्ये. पुढचा तुकडा 'सुब', म्हणजे खालून. मागचा 'जेरेरे', म्हणजे वाहून नेणं. खालून आणून देणारा. अन् तिकडच्या जुन्या थिएटरात स्टेजला भोक असतं, त्यात तो बसतो."

हरिदासनं हे सगळं मधे न तोडता ऐकलं. त्याच्या बाबतीत ही बातमीच म्हणायची. "तिकडेही खड्डा हाय?"

"आहे."

"मी म्हनतच होतो," तो म्हणाला. "तिकडचे लोकं समजदार असले पाह्यजे."

"पण मला सांगा, तुम्हाला कोण देतं?"

"मले? मले कोनी देत नाई. मी आधी बोलतो, मंग दुनिया बोलते."

"तर मग मला तुमच्या खड्ड्यात बसू द्या."

हरिदास असा दचकला जणू कुणी त्याची बायको मागितली. त्या खड्ड्यात आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. तापानं फणफणला असतानाही तो घोंगडी पांघरून तिथं बसला होता. "नाई," तो म्हणाला. "आनखी काहीही माग."

"फक्त डॉक्टरच्या वाक्यांपुरती. तुम्हाला तरी ते अक्षर नीट कुठं लागतं? काल तुम्ही खुशालभाऊला दवाखान्याऐवजी खाटेत भरती केलं."

"ते त्यानं चुकवलं."

"तुम्ही दिलं, त्यानं उचललं. तुम्हीच म्हणता ना, तुम्ही द्याल तेच निघतं?"

आपल्याच बढाईत माणूस अडकला की त्याला सोडवायला कुणी जात नाही, आणि गोदामातलंही कुणी गेलं नाही. तरी तो बधला नसता. पण नशीब फरहाच्या बाजूनं निघालं. म्हाताऱ्या बापाचं काम करणारा डोमा बहिणीकडे मुलचेऱ्याला गेला होता, तो पाय मुरगळून तिकडेच बसला. रंगीत तालीम दोन दिवसांवर. मुखरूभाऊनं इकडे तिकडे बघितलं आणि त्याची नजर हरिदासवर थांबली.

"झोपून तं रायचं हाय, हरिदासभाऊ. आजारी मानूस. दोनदा खोकलाचं, एकदा हाय म्हनाचं."

"अन् खड्ड्यात?"

"हे पोट्टी हाय ना."

रंगीत तालीम कुरखेड्याजवळच्या एका गावात होती, भर दुपारी. तालीम आहे, नाटक नाही, असं मुखरूभाऊनं गावाला सांगितलं होतं, म्हणून अख्खं गाव आलं होतं. नाटकाला तिकीट असतं. फरहा खड्ड्यात उतरली. आत खालून ओल येत होती, आणि वर स्टेजवर माणसांची फक्त पावलं आणि नाकपुड्या दिसत होत्या. हरिदासनं इतकी वर्षं माणसं अशी पाहिली, मग तो कुणाला मोठं का मानत नाही हे तिला एका क्षणात समजलं.

हरिदास चादर घेऊन बाजेवर पडला होता. पडल्या पडल्याही तो प्रत्येकाचं वाक्य ओठांत पुटपुटत होता. खुशाल कोट घालून आला, 'मेदिको' म्हणत एक पाय घसरवला आणि गावानं टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी त्याच्या अंगात वारं शिरलं. त्यानं पुन्हा घसरवला. तिसऱ्यांदा घसरवला तो पाय थेट बाजेच्या पायात अडकला. बाज गावातूनच कुणाकडून तरी मागून आणलेली, सुंभ कुजलेलं. खुशालचा तोल गेला, तो बाजेवर बसला, आणि एक लांब आवाज काढून बाज हरिदाससकट जमिनीला टेकली.

गाव उठून उभं राहिलं. स्टेजवर सगळे जागच्या जागी थिजले. झाडीपट्टीतला नट अशा वेळी एकच गोष्ट करतो, खड्ड्याकडे बघतो. खुशालनं बघितलं. लेकाचं काम करणाऱ्यानं बघितलं. आणि बाजेच्या ठोकळ्यांत पाय वर करून पडलेल्या हरिदासनं, साक्षात हरिदासनं, मान वळवून खड्ड्याकडे बघितलं.

फरहानं हातातल्या कागदाकडे बघितलं. त्यात बाज मोडलेली नव्हती.

ती वाट बघायला लागणार होतीच; जुनी सवय, नजर खाली गेलीसुद्धा. पण खड्ड्याच्या खाली खड्डा नसतो. खाली तिचे स्वतःचे पाय होते, मातीनं भरलेले. आणि वर एक म्हातारा माणूस पडला होता, ज्याला कदाचित लागलं असेल. नर्सला एवढं पुरतं.

"सी ए रोत्तो इल लेत्तो!" खाट मोडली, ती म्हणाली, आणि खुशाल ते झेलून असा ओरडला जणू जहाज बुडालंय. "नोन्नो, दोवे ले फा माले?" आजोबा, कुठं दुखतंय? "नोन सी मुओवा, ची पेन्सो इओ." हलू नका, मी बघतो. ती थांबलीच नाही. खुर्ची आणा, पाणी आणा, हात इथं द्या, घाबरू नका, माणूस आहे, पडतो कधीकधी. वॉर्डात रोज मराठीत, हिंदीत, कधी मोडक्या गोंडीत म्हटलेलं सगळं इटालियन होऊन बाहेर येत होतं. एका जागी क्रियापद चुकलं. तिला कळलं, पण सुधारायला वेळ नव्हता, खुशाल पुढच्या वाक्यासाठी 'आ' करून उभा होता. गावाला अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. हरिदास तर इतका रंगला की दोनदा खोकायचं ठरलं होतं तिथं खोकतच राहिला.

तालीम संपल्यावर तो खड्ड्याच्या काठावर येऊन बसला. कंबर धरली होती.

"हे जे बोलली ते कागदावर होतं?"

"नाही."

"मंग तुले कोनं देलं?"

फरहा खड्ड्यातूनच वर बघत हसली. "कुणी नाही."

हरिदासनं यावर विचार केला. "आवाज थोडा आनखी दाबून देजो," तो म्हणाला. "तिसऱ्या रांगेपर्यंत तू ऐकू येत होती." पण हात देऊन त्यानंच तिला वर ओढलं.

परीक्षा मंडईच्या आधी झाली. तीच खोली, तेच टेबल, पडद्यावर तीच कुरळ्या केसांची बाई. स्वतःबद्दल सांगा, ती म्हणाली. फरहाची नजर एकदा टेबलाखाली गेलीच. फरशी होती. तिनं नजर वर आणली आणि सुरुवात केली. पहिल्याच वाक्यात 'हात' हा तिकडं स्त्रीलिंगी असलेला शब्द तिनं पुल्लिंगी करून टाकला. ती तशीच पुढं गेली. वडील काय करतात? नाटकाचे सार्तो. तुम्ही नाटकात काम केलंय? केलंय, पण अलीकडे मी 'सुज्जेरित्रीचे', म्हणजे प्रॉम्प्टरबाई, आहे. बाईनं खुर्ची पुढं ओढली. भारतात अजून प्रॉम्प्टर असतात? खड्ड्यात बसतात? तिनं कागदावरचे प्रश्न बाजूला ठेवले आणि आपल्या मनचे विचारायला लागली. त्यातल्या एकाचंही उत्तर फरहानं लिहून ठेवलेलं नव्हतं. ती एकेक शब्द हातानं चाचपत, कुठं अडत, कुठं 'म्हणजे कसं सांगू' म्हणत बोलत गेली. गोदामातल्यासारखं पाणी वाहत नव्हतं. पण जे येत होतं ते तिच्याच विहिरीचं होतं.

निकाल आला तेव्हा ती वॉर्डात होती. पास. मार्क काठावरचे नव्हते, पण काठ दिसत होता. तिनं आधी अम्मीला फोन केला, मग पेशंटना सांगितलं, मग त्यांच्या नातेवाइकांना, आणि घरी पोचेपर्यंत पानवाल्यालासुद्धा सांगायला काही उरलं नव्हतं. मुखरूभाऊ येऊन नाराजी नोंदवून गेला होता, कारण आता हंगामभर डॉक्टरला बोलतं कोण करणार? हरिदासनं निरोप पाठवला होता की इटलीतल्या खड्ड्याचा फोटो पाठवजो, आणि माप लिहून पाठवजो, खोल किती, रुंद किती.

बाबूभाई दुकानात होता. मुलगी पास होऊन आली तरी त्यानं मान वर केली नाही. परीक्षेची तयारी त्यानंच लावून दिली होती, पण ती जाणार म्हणजे खरोखर जाणार, हा आकडा बहुधा त्यानं अजून मांडला नव्हता. फरहा दारात उभी राहिली.

"अब्बा?"

बाबूभाईनं भिंतीकडे बघितलं. फौजदार, डाकू, नवरी. मग तो उठला, आतून जाड लोकरीचं कापड घेऊन आला, गडद हिरवं. कधी आणून ठेवलं होतं कोण जाणे. नागपूरच्या दुकानाची चिठ्ठी अजून त्याला लागलेली होती. त्यानं गळ्यातला टेप काढला.

"इकडे ये. तिकडे बर्फ रायते म्हंतेत. ह्या भिंतीवरचा एकही कोट तिथी चालनार नाई, सगळे नकली हायेत."

फरहा पुढं झाली. त्यानं खांद्याचं माप घेतलं, पाठीचं घेतलं, आणि बाहीला आला तेव्हा जरा थांबला.

"शिवनीत कापड जास्त सोडतो," तो म्हणाला. "तिकडचं खाऊन जाड होशीन. उसवता आलं पाह्यजे."

"अब्बा, तिकडं कोटाला काप्पोत्तो म्हणतात. काप-पोत्‌-तो. त्याचं मूळ..."

"बोलू नको," बाबूभाई टेपावरचा आकडा वाचायचा प्रयत्न करत म्हणाला. डोळ्यांत पाणी आल्यानं तो त्याला दिसत नव्हता. "माप हालते."

पण फरहा मूळ सांगतच राहिली, आणि त्यानं बाहीचं माप तीनदा घेतलं.